अभ्यासिकेचे वायफाय: मॅक फिल्टर लावूनही नको ती उपकरणे आत येतात

वाचनकट्टा · सोमवार, रात्री ९.१०

तालुक्याच्या ठिकाणची अभ्यासिका आहे. ६० आसने, स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी, वेळ सकाळी ६ ते रात्री ११. फायबरची १०० एमबीपीएस जोडणी, इंटरनेटवाल्याने बसवलेला ओएनटी (फायबरची तार जिथे येऊन जोडली जाते ती पेटी) आणि त्याच्यामागे दोन बँडचा (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) घरगुती राउटर. राउटरवर डब्ल्यूपीए२ (वायफायची सुरक्षा पद्धत) पासवर्ड आहे, शिवाय 'फक्त यादीतल्यांना प्रवेश' असा मॅक फिल्टर (मॅक म्हणजे उपकरणाचा १२ चिन्हांचा ओळख क्रमांक) लावला आहे. कार्यालयाचा संगणक, प्रिंटर आणि ४ कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा डीव्हीआर याच नेटवर्कवर आहेत.

अडचणी दोन. यादीत घातलेला फोन काही दिवसांनी जोडला जाईनासा होतो. उलट यादीत नसलेले फोन मात्र इंटरनेट वापरताना दिसतात.

हवे ते असे: सभासदत्व असेपर्यंतच प्रवेश, एका सभासदाला दोन उपकरणे. सभासदत्व संपले की त्या एकाचाच प्रवेश बंद व्हावा, उरलेल्या ५९ जणांना पासवर्ड बदलायला लागू नये.

तारजोडणी · सोमवार, रात्री ९.३८

यादीत नसलेली उपकरणे आत येत असतील तर फिल्टर फोडला गेला असेल असे लगेच समजू नका. बहुतेक वेळा ती फिल्टर नसलेल्या दारानेच येतात. पुढची ठिकाणे आधी तपासा.

ओएनटीचे स्वतःचे वायफाय. मागे दुसरा राउटर लावला तरी ओएनटीचे वायफाय चालूच राहते, आणि त्याचा पासवर्ड खालच्या स्टिकरवर छापलेला असतो. एकाने स्टिकरचा फोटो काढला की तो सगळ्यांकडे पोहोचतो. ओएनटीच्या पानावर जाऊन २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही बंद करा. काही ठिकाणी वीज जाऊन आल्यावर किंवा कंपनीने दुरून सेटिंग पाठवल्यावर ते पुन्हा चालू होते, म्हणून आठवड्याने परत बघा.

बँडनिहाय फिल्टर. पुष्कळ घरगुती राउटरांत मॅक यादी दोन्ही बँडांना वेगवेगळी असते. २.४ ला लावली आणि ५ ला राहिली, ही नेहमीची चूक. गेस्ट नेटवर्कला तर यादी बहुधा लागूच होत नाही.

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता पिनने किंवा बटणाने जोडण्याची सोय. बंदच ठेवा. त्याचा पिन ८ अंकी असला तरी शेवटचा अंक तपासणीचा असतो, आणि राउटर पिनचे दोन भाग स्वतंत्रपणे बरोबर की चूक सांगतो. त्यामुळे १ कोटी शक्यतांऐवजी १०,००० अधिक १,००० इतक्याच उरतात. ही त्रुटी २०११ च्या डिसेंबरात जाहीर झाली, तरी पर्याय अजून राउटरांवर दिसतोच. बटण दाबून जोडण्याची सोयही सार्वजनिक खोलीत नको.

लॅन पोर्ट. राउटर हाताला येईल असा ठेवला असेल तर केबल लावणाऱ्याला पासवर्डही लागत नाही. रीसेटचे बटण १० सेकंद दाबले की तुमची सगळी व्यवस्था पुसली जाते. राउटर आणि ओएनटी कुलुपाच्या, पण हवा खेळणाऱ्या पेटीत ठेवा. पत्र्याच्या बंद पेटीत अँटेना कोंडू नका. पत्र्याचीच पेटी असेल तर अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारे उपकरण) बाहेर छताला.

कूटसंख्या · सोमवार, रात्री १०.२०

पहिल्या अडचणीचे कारण फोनमध्येच आहे. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन प्रत्येक वायफायला स्वतःचा खरा मॅक न सांगता एक बनावट मॅक सांगतो. हा नेटवर्कच्या नावागणिक वेगळा असतो. तुम्ही वायफायचे नाव बदललेत की फोनचा मॅकही बदलला. आयओएस १८ मध्ये 'बंद', 'स्थिर' आणि 'फिरता' असे तीन पर्याय आहेत; फिरता निवडला की पत्ता साधारण दोन आठवड्यांनी बदलतो.

असा मॅक ओळखायला सोपा. १२ चिन्हांतले दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल तर तो कारखान्यात दिलेला नाही, उपकरणाने स्वतः तयार केलेला आहे. कारखान्यातल्या मॅकचे पहिले २४ बिट उत्पादकाला नेमून दिलेले असतात, त्यावरून फोन कोणत्या कंपनीचा ते कळते. बनावट मॅकवरून कळत नाही. यादीत 'अनोळखी उत्पादक' दिसणारी उपकरणे बहुधा हीच असतात. म्हणजे 'यादीत नसलेले' वाटणारे काही फोन तुमच्या सभासदांचेच, दुसऱ्या बँडने किंवा ओएनटीवरून आलेले असू शकतात.

आता मुख्य मुद्दा. मॅक फिल्टर हे कुलूप नाही. डब्ल्यूपीए२ असो की डब्ल्यूपीए३, प्रत्येक फ्रेमच्या (हवेतून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याच्या) शीर्षकात दोन्ही बाजूंचे मॅक उघडे असतात. कूटबद्ध होतो तो आतला मजकूर. शेजारच्या बाकावर बसून दहा मिनिटे हवेतल्या फ्रेम टिपल्या तर आत असलेल्या सगळ्या उपकरणांचे मॅक मिळतात, आणि लिनक्सवर स्वतःचा मॅक बदलायला एक ओळ पुरते. एकच मॅक दोघांनी वापरला की दोघांचीही जोडणी अडखळते. विद्यार्थी 'नेट अधूनमधून जाते' म्हणतो त्यामागे हेही असू शकते.

वायफायचे नाव लपवण्याचाही उपयोग नाही. राउटर नाव सांगत नाही, पण जोडू पाहणारा फोन ते मोठ्याने विचारत फिरतो. ओळख पटवायची ती गुपितावर, म्हणजे पासवर्ड किंवा प्रमाणपत्रावर. सगळ्यांना दिसणाऱ्या क्रमांकावर नव्हे.

माळरान · मंगळवार, सकाळी ७.०५

मॅक यादी अगदी टाकाऊ म्हणू नये. प्रिंटर, डीव्हीआर, टीव्ही यांचे मॅक बदलत नाहीत. त्यांना यादीने ठरावीक आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) देणे आणि नवे काही आले की लक्षात येणे, एवढ्यासाठी ती कामाची आहे. फक्त आयपी राखून ठेवणे म्हणजे प्रवेश रोखणे नव्हे, हे ध्यानात घ्या. राखीव यादीत नसलेल्यालाही आयपी मिळतोच, आणि नाही मिळाला तर हाताने टाकता येतो.

कूटसंख्या · मंगळवार, सकाळी ७.४०

बरोबर, नोंदवही म्हणून ती ठेवावी.

सध्याचा पासवर्ड काय प्रकारचा आहे तेही बघा. आपल्याकडे मोबाइल नंबर पासवर्ड म्हणून ठेवायची सवय फार आहे. मोबाइल नंबर १० अंकी आणि सुरुवात ६ ते ९ ने, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. डब्ल्यूपीए२ मध्ये जोडणीच्या वेळचा चार टप्प्यांचा हँडशेक (फोन आणि राउटर यांची ओळख पटवणारी देवाणघेवाण) टिपून घरी नेता येतो आणि पासवर्ड तिथे निवांत तपासता येतात. प्रत्येक पासवर्ड ४,०९६ वेळा घोटला जातो हे खरे, तरी गेमिंगच्या ग्राफिक्स कार्डाचा वेग सेकंदाला ५ लाख धरला तर ८,००० सेकंदांत, म्हणजे सव्वादोन तासांच्या आत, सगळे मोबाइल नंबर तपासून होतात. त्याच वेगाने २४ इंग्रजी लहान अक्षरांतून यादृच्छिक निवडलेल्या १२ अक्षरांच्या सगळ्या शक्यता तपासायला दोन हजार वर्षांहून अधिक लागतील. २६ ऐवजी २४ यासाठी, की 'एल' आणि 'ओ' वगळले की एक आणि शून्याशी घोळ होत नाही.

देवनागरी पासवर्ड चालत नाही. डब्ल्यूपीए२ चा पासवर्ड ८ ते ६३ चिन्हांचा, आणि चिन्हे इंग्रजी कळफलकावर छापलेली तेवढीच. नाव मात्र देवनागरीत ठेवता येते. मर्यादा ३२ बाइटांची, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट खाते. काना, मात्रा, हलंत वेगळे मोजायचे. 'अभ्यासिका' २७ बाइटांत बसते. 'सार्वजनिक वाचनालय' ४९ बाइट होते, बसत नाही.

तारजोडणी · मंगळवार, सकाळी ९.१५

आता धागाकर्त्यांच्या मूळ गरजेकडे. 'एकाचाच प्रवेश बंद करायचा' हे एका सामाईक पासवर्डाने होणारच नाही. अँड्रॉइड १० पासून फोनवर शेअर दाबले की क्यूआर कोड येतो आणि बऱ्याच फोनांत त्याखाली पासवर्ड उघडा लिहिलेला असतो. दिलेला पासवर्ड बाहेर जाणार, हे धरूनच आखणी करावी.

उपाय: नाव एकच, पासवर्ड प्रत्येक सभासदाला वेगळा. वेगवेगळ्या कंपन्या याला पीपीएसके, डीपीएसके किंवा आयपीएसके म्हणतात. ओमाडा आणि युनिफाय या अ‍ॅक्सेस पॉइंटांच्या मालिकांत ही सोय कंट्रोलरमध्ये (सगळे पॉइंट एका जागेवरून सांभाळणाऱ्या प्रणालीत) आहे. मायक्रोटिकच्या जुन्या वायरलेस पॅकेजात अ‍ॅक्सेस लिस्टमध्ये प्रत्येक मॅकला स्वतंत्र पासवर्ड देता येतो. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरची मुक्त प्रणाली) चालणारा अ‍ॅक्सेस पॉइंट असेल तर होस्टएपीडी या त्यातल्या वायफाय चालवणाऱ्या प्रोग्रामची पासवर्ड फाइल वापरा. तिची रचना सोपी आहे: एका ओळीत आधी मॅक, मग पासवर्ड. मॅकच्या जागी १२ शून्ये लिहिली तर तो पासवर्ड कोणत्याही उपकरणाला चालतो. ओळीच्या सुरुवातीला 'कीआयडी' म्हणून सभासद क्रमांक आणि 'व्हीलॅनआयडी' म्हणून व्हीलॅनचा (एकाच जाळ्यातल्या वेगळ्या आभासी नेटवर्कचा) आकडा देता येतो. उपकरण जोडले की लॉगमध्ये मॅकशेजारी कीआयडी उमटतो, म्हणजे कोणाच्या पासवर्डाने कोण आले ते लगेच कळते.

दोन उपकरणांची मर्यादा अशी पाळता येईल. नवीन सभासदाची ओळ आधी १२ शून्यांनी घाला. त्याचा फोन आणि लॅपटॉप कार्यालयात उभे राहून जोडून घ्या. लॉगमधले दोन मॅक उचला, शून्यांची ओळ काढा आणि तोच पासवर्ड त्या दोन मॅकसाठी दोन ओळींत लिहा. आता मॅकची नक्कल करणाऱ्याला पासवर्ड लागेल आणि पासवर्ड मिळालेल्याला मॅक. यासाठी आयफोनवर या नेटवर्कचा खाजगी पत्ता 'फिरता' न ठेवता 'स्थिर' ठेवायला सांगा. पूर्ण बंद करायची गरज नाही, आणि तसा आग्रहही धरू नका; तो विद्यार्थ्याच्या खाजगीपणाचा भाग आहे.

ओळ काढल्यावर फाइल पुन्हा वाचायला लावा, आणि चालू असलेली जोडणी वेगळी तोडा. दुसरे विसरले तर फोन आधीच्याच जोडणीवर बसून राहू शकतो.

ओपनडब्ल्यूआरटीवर वेगवेगळे व्हीलॅन द्यायचे तर डब्ल्यूपॅडचे (होस्टएपीडी ज्यात येते त्याचे) 'बेसिक' पॅकेज काढून पूर्ण पॅकेज बसवा. हे काम केबल लावूनच करा. जुने पॅकेज निघताच वायफाय जाते आणि नवे उतरवायला रस्ता उरत नाही.

आणखी एक. ६० आसने म्हणजे १२० उपकरणे. एका घरगुती राउटरवर हा भार टाकू नका. छताला दोन अ‍ॅक्सेस पॉइंट, ५ गिगाहर्ट्झवर वेगळी चॅनेल, रुंदी ४० मेगाहर्ट्झपेक्षा जास्त नको.

धुळाक्षर · मंगळवार, दुपारी १.३०

डब्ल्यूपीए३ का नको? २०१८ पासून आहे, हँडशेक घरी नेऊन पासवर्ड तपासण्याचा मार्गच त्यात बंद आहे.

कूटसंख्या · मंगळवार, दुपारी २.०५

सामाईक पासवर्ड असता तर मीही तेच सांगितले असते. अडचण वेगवेगळ्या पासवर्डांची आहे. डब्ल्यूपीए२ मध्ये फोन दुसऱ्या टप्प्यात एक तपासणी-बेरीज पाठवतो. अ‍ॅक्सेस पॉइंट आपल्याकडचा प्रत्येक पासवर्ड लावून बघतो आणि जो जुळेल तो या फोनचा, असे ठरवतो. ६० पासवर्ड तपासायला वेळ लागत नाही. डब्ल्यूपीए३ मध्ये पहिल्या देवाणघेवाणीतच दोन्ही बाजूंना पासवर्ड ठाऊक असावा लागतो, नंतर जुळवून बघायची सोय नाही. मॅकवरून पासवर्ड निवडता येतो, पण मग पहिल्यांदा येणाऱ्या उपकरणाचा मॅक आधीच माहीत हवा. म्हणून पीपीएसके बहुतेक ठिकाणी डब्ल्यूपीए२ वरच चालते, आणि ६ गिगाहर्ट्झवर डब्ल्यूपीए३ सक्तीचे असल्याने तिथे ही पद्धत घेता येत नाही.

प्रत्येकाचा पासवर्ड १२ यादृच्छिक अक्षरांचा असेल तर डब्ल्यूपीए२ चा तो कच्चा दुवा उरत नाही. सामाईक डब्ल्यूपीए२ पासवर्डात आणखी एक धोका असतो: पासवर्ड माहीत असलेला माणूस दुसऱ्याचा हँडशेक टिपून त्याची रहदारी उलगडू शकतो. वेगळ्या पासवर्डांनी तोही जातो.

पीएमएफ (व्यवस्थापन संदेशांचे संरक्षण) 'ऐच्छिक' ठेवा. त्याने खोटे 'जोडणी तोडा' संदेश पाठवून लोकांना बाहेर काढण्याचा प्रकार थांबतो. 'सक्तीचे' केले तर जुने फोन आणि स्वस्त प्रिंटर जोडलेच जाणार नाहीत.

दीपमाळ · मंगळवार, सायंकाळी ६.५०

८०२.१एक्स (प्रत्येकाची स्वतंत्र ओळख तपासून प्रवेश देणारी पद्धत) आणि ती ओळख तपासणारा रेडियस सर्व्हर हा योग्य मार्ग आहे असे माझे स्पष्ट मत. प्रत्येकाला नाव आणि पासवर्ड, सभासदत्वाची अंतिम तारीख नोंदीतच, ती उलटली की प्रवेश आपोआप बंद. विद्यापीठांत एज्युरोम (शैक्षणिक संस्थांचे सामाईक वायफाय) याच पायावर चालते. भारतात ते अर्नेट ही शिक्षण-संशोधन नेटवर्कची संस्था चालवते. फ्रीरेडियस फुकट आहे, जुन्या संगणकावरही १२० उपकरणांना पुरून उरते. पोर्ट यूडीपी १८१२ प्रवेशासाठी, १८१३ हिशेबासाठी. प्रत्येक अ‍ॅक्सेस पॉइंटचा आयपी आणि सामाईक गुपित क्लायंटांच्या फाइलमध्ये लिहा. 'अनोळखी क्लायंटची विनंती दुर्लक्षित' असे लॉगमध्ये आले तर तिथला आयपी चुकला आहे. म्हणून अ‍ॅक्सेस पॉइंटना स्थिर आयपी द्यावा. जुलै २०२४ मध्ये रेडियसमधली एक मोठी त्रुटी उघड झाली, त्यामुळे नवी आवृत्ती घ्या आणि प्रत्येक संदेशात 'मेसेज ऑथेंटिकेटर' (संदेश खरा असल्याची खूण) सक्तीचा करा.

तारजोडणी · मंगळवार, रात्री ८.२५

सर्व्हर उभा करणे अवघड नाही, हे मान्य. अवघड आहे ती फोनवरची बाजू. जोडताना फोन प्रमाणपत्र आणि डोमेन विचारतो. विद्यार्थी 'तपासू नका' निवडून पुढे जातो, आणि त्याच नावाचे खोटे वायफाय लावणारा त्याच्या पासवर्डाचे उत्तर टिपून नेतो. पीईएपी या ८०२.१एक्सच्या प्रचलित प्रकारातली एमएसचॅप ही पासवर्ड तपासण्याची पद्धत २०१२ पासून फुटलेली आहे, त्या उत्तरातून पासवर्डाचे गुपित काढता येते. हे टाळायचे तर प्रत्येक फोनवर प्रमाणपत्र नीट बसवून द्यावे लागेल. शिवाय सर्व्हरच्या प्रमाणपत्राची मुदत संपली की सगळे एकाच सकाळी बाहेर. सांभाळणारा जाणकार माणूस रोज हजर असेल तर हा मार्ग नक्की घ्या. ग्रंथपालाने सकाळी नवीन सभासद घालायचा असेल तर वेगळे पासवर्ड बरे.

दीपमाळ · मंगळवार, रात्री ८.५०

प्रमाणपत्राबद्दलची अट योग्यच आहे. स्वतःची प्रमाणन किल्ली १० वर्षांची करून सर्व्हरचे प्रमाणपत्र तिच्याखाली दरवर्षी नवे काढले तर फोनवर पुन्हा काही करावे लागत नाही. पण पहिल्यांदा प्रत्येक फोन हातात घ्यावा लागेल, हे खरे.

वाचनकट्टा · बुधवार, सकाळी ८.३०

ओएनटीचे वायफाय चालू होते आणि ५ गिगाहर्ट्झला फिल्टर नव्हता. आता ते वायफाय बंद केले आणि फिल्टर लावला. वेगळ्या पासवर्डांच्या मार्गाने जायचे ठरवतो आहे. तीन शंका राहतात. परवानगी असलेला लॅपटॉप स्वतःचा हॉटस्पॉट चालू करून बाहेरच्यांना नेट देईल, त्याचे काय? विद्यार्थ्यांना प्रिंटर हवा, पण डीव्हीआरपर्यंत ते पोहोचू नयेत. आणि नोंद किती ठेवायची?

तारजोडणी · बुधवार, सकाळी १०.१०

हॉटस्पॉट: लॅपटॉपच्या मागची सगळी उपकरणे तुम्हाला एकाच मॅकची दिसतात, त्यामुळे वायफायच्या पातळीवर ती रोखता येत नाहीत. राउटरवर सभासदांकडे जाणाऱ्या पॅकेटांचा टीटीएल (पॅकेट किती टप्पे पुढे जाऊ शकते तो आकडा) १ करा. लॅपटॉपला पॅकेट मिळते. ते पुढे पाठवताना टीटीएल शून्य होतो आणि पॅकेट टाकून दिले जाते. मायक्रोटिकमध्ये मँगल (पॅकेटात बदल करणाऱ्या) नियमात 'चेंज टीटीएल' आहे, ओपनडब्ल्यूआरटीमध्ये एनएफटी या फायरवॉलचा एक नियम पुरतो. आयपीव्ही६ (आयपीची नवी आवृत्ती) चालू असेल तर तिथे हॉप लिमिटला, म्हणजे तिथल्या टीटीएलला, तोच नियम लावा, नाहीतर अर्धी रहदारी निसटते. हा नियम फक्त सभासदांच्या व्हीलॅनवर. लॅपटॉपमध्ये व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्यालाही तो आड येतो, आणि टीटीएल परत वाढवू शकणारा जाणकार त्यातून सुटतो. दुसरा लगाम म्हणजे प्रत्येक उपकरणाला वेगाची मर्यादा, समजा ४ एमबीपीएस. व्याख्यानाचा व्हिडिओ त्यात चालतो आणि चार जणांना वाटायला फारसे काही उरत नाही.

प्रिंटर आणि डीव्हीआर: व्हीलॅन १० कार्यालय व प्रिंटर, २० सभासद, ३० कॅमेरे. मधल्या स्विचला व्हीलॅन कळायला हवेत. साधा स्विच चालणार नाही. २० वरून ३० कडे पूर्ण बंदी. २० वरून १० कडे फक्त प्रिंटरचा आयपी आणि टीसीपी पोर्ट ९१०० व ६३१ उघडे. फोनला प्रिंटर आपोआप सापडायचा तर एमडीएनएस (जवळची उपकरणे शोधण्याची पद्धत) व्हीलॅन ओलांडत नाही, त्यासाठी तो शोध पलीकडे पोहोचवणारा एमडीएनएस रिफ्लेक्टर राउटरवर लागेल. ते नको असेल तर फाइल कार्यालयाला पाठवून छापून घेणे सोपे. सभासदांच्या व्हीलॅनवर क्लायंट आयसोलेशन चालू करा, म्हणजे एका विद्यार्थ्याच्या लॅपटॉपपर्यंत दुसरा पोहोचणार नाही. दोन अ‍ॅक्सेस पॉइंट असतील तर आयसोलेशन स्विचवरही लागते, नाहीतर एका पॉइंटवरचा दुसऱ्यावरच्याला दिसतो.

राउटरचे सेटिंगचे पान व्हीलॅन २० वरून उघडता येऊ नये, हे शेवटी नक्की तपासा. डीएचसीपी (आयपी वाटणे) आणि डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून आयपी शोधणे) सोडून राउटरकडे जाणारे बाकी सगळे बंद.

माळरान · बुधवार, दुपारी १२.४०

डीएचसीपीची मुदत २४ तासांची असेल तर ४ तासांवर आणा, आणि सभासदांचा पट्टा २५४ पत्त्यांऐवजी ५१० चा करा. बनावट मॅक बदलत राहिले की जुने पत्ते अडकून पडतात. 'जोडले आहे, पण इंटरनेट नाही' असे दिसू लागले तर आधी पत्ते संपलेत का ते पाहावे.

कूटसंख्या · बुधवार, दुपारी १.१५

नोंदीबद्दल. २००८ च्या जुलैत अहमदाबादच्या स्फोटांआधी गेलेला ई-मेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून पाठवला गेला होता, आणि चौकशी आधी त्या घरापर्यंत पोहोचली. अशा वेळी लागते ती एवढीच माहिती: कोणत्या वेळी कोणत्या सभासदाचे उपकरण कोणत्या आयपीवर होते. जोडल्या-तुटल्याच्या नोंदी कीआयडीसह आणि डीएचसीपीच्या नोंदी, दोन्ही राउटरबाहेर, कार्यालयाच्या संगणकावर पाठवा. घरगुती राउटरच्या मेमरीतला लॉग वीज गेली की पुसतो. घड्याळ एनटीपीने (इंटरनेटवरून वेळ घेऊन) जुळवलेले हवे, नाहीतर नोंद निरुपयोगी. विद्यार्थी कोणती संकेतस्थळे बघतात याची नोंद ठेवू नका. तुमच्या कामाला ती लागत नाही, आणि ठेवली की सांभाळायची जबाबदारीही येते.

वाचनकट्टा · बुधवार, रात्री ९.००

बदल एका दिवसात करावा की टप्प्याने?

तारजोडणी · बुधवार, रात्री ९.३०

टप्प्याने. नवे नाव घेऊन नवे नेटवर्क सुरू करा, जुने १५ दिवस चालू राहू द्या, मात्र वेग १ एमबीपीएसवर आणून. लोक आपणहून कार्यालयात येऊन नवा पासवर्ड घेतील. पासवर्डाची चिठ्ठी सभासद क्रमांकासह छापून द्या, व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नका. रोज १० जणांची नोंदणी धरली तर ६ दिवसांत सगळे होतात, उरलेले दिवस सुट्टीवर असलेल्यांसाठी. नवे नाव एकदा ठरले की परत बदलू नका, नाहीतर सगळ्या फोनांचे मॅक बदलतील आणि मॅकला बांधलेल्या सगळ्या ओळी नव्याने लिहाव्या लागतील. पासवर्ड फाइलची प्रत दर आठवड्याला पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह कपाटात कुलुपात ठेवा, कारण त्यात सगळ्यांचे पासवर्ड उघडे असतात.